कर्माचा हिशेब आणि आपले गुरू

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारात परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. माणसं कामावरून येऊन, दोन घास खाऊन येतात. बायका लहान पोरं मांडीवर घेऊन बसतात. वाचन सुरळीत चालते. पण कर्माचा भाग आला की दर वर्षी गाडी अडते. कोणीतरी विचारतेच, "ते सगळं खरं, पण मागच्या जन्माचं काय?"

एका वर्षावासात हा प्रश्न आमच्याच वस्तीतल्या एका ताईने विचारला. तिच्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. सासरच्या माणसांनी त्याला गावाकडच्या एका बुवाकडे नेला. बुवा म्हणाला, हे मागल्या जन्मीचं पाप आहे, मला गुरू करा, मी फेडून देतो. दोन वर्षं ताईने वाऱ्या केल्या, नारळ झाले, कोंबडी झाली, शेवटी गळ्यातलं डोरलं मोडलं. पोराला काही ऐकू आलं नाही. "बुवा खोटा होता हे मला कळलं," ती म्हणाली, "पण पाप होतं की नव्हतं, तेवढं सांगा."

त्या रात्री आम्हाला तिला धड उत्तर देता आले नाही. कोणी म्हणाले, बुद्ध पुनर्जन्म मानत नाहीत. कोणी म्हणाले, मानतात. वाद वाढला आणि शेवटी सरणत्तय घेऊन सगळे घरी गेले. स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा आम्हाला तीच रात्र आठवली. ताईचं उत्तर आमच्याकडे बाकी होतं.

त्यासाठी जरा मागे जावे लागते. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, आपल्या सगळ्या पिढ्यांना तो विचारला गेला आहे. फक्त विचारणारे दुसरे होते आणि उत्तरही त्यांनीच देऊन ठेवले होते.

आपल्या बोलण्यातच बघा. कर्म म्हणजे करणे, केलेली कृती. पण आपल्या आया-आज्या कपाळावर हात मारून 'कर्म माझं!' म्हणत, तेव्हा त्यांना आपण काही केलं असं म्हणायचं नसे. आपल्या वाट्याला काही आलं, असं म्हणायचं असे. करण्याचा शब्द भोगण्याचा कसा झाला, यातच आपला अर्धा इतिहास आहे. मेलेलं ढोर ओढणारा, वेशीवर रात्र काढणारा, जोहार घालून शिळी भाकर मागणारा माणूस विचारी, हे माझ्याच वाट्याला का? त्याला सांगण्यात येई, मागल्या जन्मी तू काहीतरी केलं असशील. काय केलं, कधी केलं, कोणाचं केलं, हे सांगायची गरज नव्हती. वही त्यांच्याकडे आणि देणं आपल्याकडे.

संत चोखामेळ्यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात हे उत्तर त्यांनी स्वतःच मान्य केलेले दिसते. पूर्वजन्मी आपल्याकडून कृष्णाची निंदा घडली म्हणून या जातीत जन्म आला, अशा अर्थाचा तो अभंग आहे. वाचताना आतडं तुटतं. केवढा निर्मळ माणूस, आणि न केलेल्या गुन्ह्याचा कबुलीजबाब देतो आहे! पण एवढ्यावरून त्यांना दुबळे म्हणू नये. विटाळ कोणाला नाही, सगळ्या देहांच्या आरंभी आणि शेवटी विटाळच आहे, असे खडसावून विचारणारे चोखोबाही तेच होत. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनीही हाच प्रश्न केला. आणि त्यांचा मुलगा, त्याचे नाव कर्ममेळा! या कर्ममेळ्याने मात्र बापाचे उत्तर मानले नाही. आम्हाला असा हीन जन्म देऊन, उष्टं खायला लावून देवा तुला काय मिळालं, असा त्याचा रोख आहे. बापाने दोष स्वतःकडे घेतला आणि लेकाने तो देवाच्या पदरात टाकला. एकाच घरात, एकाच पिढीच्या अंतरात एवढा फरक पडला. हे आपल्या लोकांनी फारसे लक्षात घेतलेले नाही.

चोखोबांना गुरू नव्हते असेही नाही. परंपरा नामदेवांना त्यांचे गुरू मानते. नामदेवांनी त्यांना जवळ केले, माया दिली. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. तेव्हा नामदेवांनीच त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारापाशी समाधी बांधली, असे सांगतात. गुरूचे प्रेम खरे होते. पण समाधीसुद्धा दाराबाहेरच राहिली. ते दार आपल्यासाठी उघडले १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर, म्हणजे सहाशे वर्षांनी. माया करणारा गुरू मिळाला तरी कर्माची वही ज्यांच्या हातात होती, त्यांच्याच हातात राहिली.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'दि अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांनी संतांना टाकले नाही. पण संतांच्या उत्तरावर ते थांबलेही नाहीत.

आता तथागतांकडे येऊ. राजगृहाच्या वेळुवनात मोलिय सीवक नावाचा एक परिव्राजक त्यांना भेटला. त्याचा प्रश्न आमच्या ताईसारखाच होता. काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वीच्या कर्माने होतं, यावर आपलं काय म्हणणं? तथागतांनी एकेक कारण मोजून दाखवले. काही दुःखं पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्ही मिळून. काही ऋतुबदलाने, काही निगा नीट न राखल्याने, काही अचानक झालेल्या आघाताने आणि काही कर्माच्या विपाकाने. आठ कारणं. त्यांत कर्म हे एक, उरलेली सात दुसरीच. म्हणून सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने खऱ्या मानलेल्या गोष्टींच्याही पुढे धावतात, असे त्यांनी सांगितले.

देवदह सुत्तात तर त्यांनी वहीच मागितली आहे. पूर्वकर्म फेडण्यासाठी देह कष्टवणाऱ्या तपस्व्यांना ते विचारतात: तुम्ही पूर्वी होतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? अमुक पाप केलंत हे ठाऊक आहे का? त्यातलं किती फिटलं आणि किती राहिलं हे तरी सांगता येईल का? तपस्व्यांना एकाही प्रश्नाला हो म्हणता आले नाही. आमच्या ताईने बुवाला एवढंच विचारलं असतं, की डोरल्याइतकं फिटलं, आता बाकी किती? तर बुवाची पंचाईत झाली असती.

आणखी एके ठिकाणी तथागत म्हणतात, सगळंच पूर्वकर्माचं असेल तर खून करणाराही पूर्वकर्मानेच खून करतो आणि चोरही पूर्वकर्मानेच चोरी करतो. मग हे करावं आणि हे करू नये, याला अर्थ काय उरला? प्रयत्नाला जागा कुठे राहिली?

तर मग त्यांच्या लेखी कर्म म्हणजे काय? चेतना, म्हणजे मनात धरलेला हेतू, हेच कर्म. हेतू धरून माणूस कायेने, वाचेने, मनाने जे करतो ते. श्रावस्तीत अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण होम करत होता. तथागत भिक्षेसाठी येताना दिसताच तो ओरडला, तिथेच थांब, वृषला! 'तिथेच थांब' हे शब्द आपल्या वाडवडिलांना नवे नाहीत. तथागत थांबले आणि शांतपणे म्हणाले, वृषल कोणाला म्हणतात हे तुला माहीत आहे का? मग त्यांनीच यादी सांगितली. जो कर्ज घेऊन नाकारतो तो. जो ऐपत असून म्हाताऱ्या आईबापांना पोसत नाही तो. ज्याच्या घरी भरपूर आहे आणि जो गोडधोड एकटाच खातो तो. जन्माने कोणी वृषल नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मणही नाही, माणूस ठरतो तो कर्माने. जो शब्द आपल्याला बांधायला वापरला गेला, तोच शब्द इथे दोर कापायला वापरला आहे. फरक एवढाच की हे कर्म डोळ्यांसमोरचं आहे, चारचौघांना पाहता येतं, आणि उद्या सकाळपासून बदलता येतं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. कोणी जाणकार आमच्यासमोर चूळकम्मविभंग सुत्त ठेवील. त्यात सुभ नावाच्या तरुणाला सांगितले आहे की कोणी अल्पायुषी, कोणी रोगी, कोणी हीन कुळातला होतो तो आपापल्या कर्माने. हे सुत्त त्रिपिटकात आहे. श्रीलंकेत, ब्रह्मदेशात, तिबेटी लोकांत पुनर्जन्म आणि पूर्वकर्म मानणारे कोट्यवधी बौद्ध आहेत, आणि आपल्याकडे येणारे काही भिक्खूही तसे सांगतात. बाबासाहेबांना हे ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. त्यांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच हा प्रश्न मांडला आहे की आत्मा नाही म्हणायचे आणि कर्म व पुनर्जन्म आहे म्हणायचे, हे जुळते कसे? बुद्धवचन तोंडपाठ करून शतकानुशतके चालत आले, त्यात कर्म आणि पुनर्जन्म यांविषयी चुकीची भर पडली, असे त्यांचे मत होते. पारखायला त्यांनी कसोटी दिली. जे विवेकाला पटते आणि ज्यात माणसाचे कल्याण आहे ते बुद्धाचे मानावे. कर्माचा नियम त्यांनी या जीवनापुरता आणि समाजाच्या नैतिक व्यवस्थेपुरता ठेवला. आणि सरळ विचारले की गरिबाचं दारिद्र्य त्याच्या गेल्या जन्मावर टाकून कोणाची जबाबदारी सुटते? राज्याची आणि समाजाची.

महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्यावर आपला माणूस जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, आणि मार खाऊन लोक परतले. दावा चालत राहिला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली. आता सांगा, यात पूर्वजन्म कुठे आहे? ठराव न पाळणारी माणसं आहेत, लाठ्या आहेत, वकील आहेत, कोर्टाच्या तारखा आहेत. पाणी अडवणाऱ्यांचंही कर्म आहे आणि ओंजळ भरणाऱ्यांचंही.

आता गुरूचे. गुरूवाचून गती नाही असे आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि ते अगदीच खोटे नाही. कोणीतरी दाखवल्याशिवाय वाट दिसत नाही. पण गुरूने काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

श्रावस्तीच्या पूर्वारामात गणक मोग्गल्लान नावाचा ब्राह्मण तथागतांकडे आला. गणक म्हणजे हिशेबनीस. हिशेबनिसाने हिशेबीच प्रश्न विचारला. आपला उपदेश ऐकणारे सगळे शिष्य निर्वाणाला पोचतात का? तथागत म्हणाले, काही पोचतात, काही नाही. असं का? निर्वाण आहे, वाट आहे, सांगणारे आपण आहात, मग सगळे का पोचत नाहीत? तथागतांनी उलट विचारले, तुला राजगृहाची वाट माहीत आहे ना? एकाला तू वाट सांगितलीस आणि तो सुखरूप पोचला. दुसऱ्यालाही तीच सांगितलीस आणि तो भलतीकडेच गेला. त्यात तू काय करणार? ब्राह्मण म्हणाला, मी काय करणार, मी फक्त वाट सांगणारा. तथागत म्हणाले, मीही तेवढाच.

बाबासाहेबांनी हा प्रसंग आवर्जून ग्रंथात घेतला आहे आणि त्यावरूनच तथागत मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत, असे ठसवले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी स्वतः सम्यक संबुद्ध जे अंगावर घेत नाहीत, ते गावाकडचा बुवा एका डोरल्यात अंगावर घेतो!

किसा गोतमीची गोष्ट तर पोरांनाही पाठ आहे. मेलेलं बाळ छातीशी धरून ती औषध मागत आली. तथागतांनी तिला मागल्या जन्मीचं काही ऐकवलं नाही. ज्या घरात कोणी मेलं नाही तिथली मूठभर मोहरी आण म्हणाले. ती दारोदार फिरली. दर दाराशी तिला कोणाचा तरी गेलेला माणूस भेटला. उत्तर तिला तिच्याच पायांनी चालून मिळालं. आणि एकदा आनंद म्हणाले की कल्याणमित्र म्हणजे अर्धं ब्रह्मचर्यच, तेव्हा तथागतांनी त्यांना दुरुस्त केले. अर्धं नाही आनंदा, सगळंच. धम्मात गुरूला शोभणारा शब्द हाच आहे, कल्याणमित्र.

बाबासाहेबांचे गुरू कोण? वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात भजनं, पाठांतर कडक. बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की वडील मुलांकडून महाभारत-रामायण वाचून घेत. हे कशाला, असे विचारल्यावर ते सांगत की आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड बसायचा, म्हणून द्रोण, कर्ण बघा, लहान माणसं किती वर गेली! भीमरावाचे त्यावर समाधान झाले नाही. त्याच शाळकरी वयात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि मुलाला जे हवे होते ते सापडले. केळुसकरांनी ना कानात मंत्र फुंकला ना पाया पडून घेतले. पुस्तक दिले आणि पुढे शिष्यवृत्तीसाठी खटपट केली.

१९५४ साली मुंबईत पुरंदरे स्टेडियमवरच्या सत्कारात बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. आम्हाला यात नेहमी एक गोष्ट जाणवते. या तिघांपैकी एकालाही बाबासाहेबांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते. बुद्ध आणि कबीर तर दूरच, जोतीराव वारले २८ नोव्हेंबर १८९० ला आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. साडेचार महिन्यांची चुकामूक! गुरूच्या सान्निध्यात बसल्याशिवाय कृपा होत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ग्रंथ वाचून, पटले ते घेऊन, न पटले ते सोडून बाबासाहेब या तिघांचे शिष्य झाले. आणि तसे व्हायला आपल्यालाही कोणाची आडकाठी नाही. (आपण मात्र बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतो आणि ग्रंथाला वर्षभर धूळ खाऊ देतो. नवस बोलणारेही आम्हाला माहीत आहेत. असो.)

मे १९३६ मध्ये नायगावला महार परिषद भरली. तिथले बाबासाहेबांचे भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. धर्मांतराची साधकबाधक चर्चा केल्यावर शेवटी त्यांनी आठवण काढली ती बुद्धांनी आनंदाला केलेल्या अखेरच्या उपदेशाची. माझ्यावर विसंबू नका, स्वतःच्या बुद्धीचा दिवा करा, असा त्याचा अर्थ. हजारो माणसं बाबासाहेब सांगतील तिकडे जायला तयार होती, आणि त्यांना हा माणूस विचार करायला सांगत होता. पुढे वीस वर्षं त्यांनी स्वतःही विचार केला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडले ते या कर्म-गुरूच्या नजरेने बघावे. आधी कुशीनाराच्या वयोवृद्ध भदन्त चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी आणि माईंनी त्रिशरण-पंचशील घेतले. म्हणजे परंपरेचा मान राखला. मग स्वतः उभे राहून लाखो लोकांना दीक्षा दिली. गुरुमंत्र कानात सांगतात आणि तो कोणाला सांगू नये म्हणतात. इथे दीक्षा कर्ण्यावरून दिली गेली, सगळ्यांना एकदम आणि सगळ्या जगाला ऐकू जाईल अशी. आणि मिळाल्या त्या बावीस प्रतिज्ञा. त्यांत कृपा, प्रसाद, पापक्षालन काही नाही. मी चोरी करणार नाही, मी खोटे बोलणार नाही, मी दारू पिणार नाही, मी माणसामाणसांत समता मानीन. प्रत्येक वाक्यातला कर्ता मी. आणि शेवटाकडे येऊन प्रत्येकाने म्हटले की आज माझा नवा जन्म होत आहे. पुनर्जन्म म्हणतात तो हाच असेल तर आम्हाला तो मान्य आहे. मरावं लागत नाही, आणि आधीच्या जन्मात काय केलं ते सगळ्यांना आठवतं.

आपल्या वस्तीतल्या ज्या आजी त्या दिवशी नागपूरला होत्या त्या सांगत, उन्हात उभ्यानेच सगळं म्हटलं, निम्मं कळलं, निम्मं नाही. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि नदीवर गेल्या. टोपली पाण्यात सोडताना हात थरथरत होते. पण वाटलं, आता काही वाईट झालं तर ते आपल्या पापाने झालं असं कोणी म्हणायचं नाही.

आता ताई, तुमचं उत्तर. पाली अट्ठकथांत पाच नियम सांगितले आहेत. ऋतूचा, बीजाचा, कर्माचा, चित्ताचा आणि धम्माचा. सगळ्या गोष्टी एकट्या कर्माच्या खात्यावर मांडायच्या नसतात. जन्मतः बहिरेपणाची कारणं डॉक्टर सांगतात. गरोदरपणी आईला झालेला जर्मन गोवर, बाळाला जन्मल्याबरोबर झालेली तीव्र कावीळ, जवळच्या नात्यातली लग्नं आणि घराण्यातून आलेला दोष. मामाची पोर करण्याची आपल्याकडे रीत आहे, तिचाही विचार वस्तीतल्या थोरांनी करावा. यातलं काही बीजाच्या नियमात बसतं, काही सीवकाला सांगितलेल्या सात कारणांत. तुमचं पाप त्यात कुठेही नाही. बुवाने फसवलं हे त्याचं कर्म. आणि दोन वर्षं वाऱ्या चालू असताना आम्ही शेजारी बघत होतो आणि एक शब्द बोललो नाही, हे आमचं.

ताईचा मुलगा आता मूकबधिरांच्या शाळेत जातो. कानाला यंत्र आहे, त्याच्या शाळेची वही आम्ही पाहिली, अक्षर वळणदार आहे. गेल्या वर्षावासात ताई वाचनाला आली तेव्हा कर्माचा भाग तिनेच वाचून दाखवला. मध्ये कोणीतरी तोच प्रश्न विचारला. तिने पानावर बोट ठेवून त्यांना थांबवलं. म्हणाली, "दम धरा, पुढं येतंय."